छातीतील जळजळ आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया : दहा-पंधरा वर्षांनंतरचा हिशेब

(व्याख्यानाचा पाठ)



जेवणानंतर छातीच्या मध्यभागी जळजळणे, वाकले की आंबट-कडू पाणी घशाशी येणे, रात्री आडवे पडताच ठसका लागून जाग येणे, ही लक्षणे आपल्याकडे इतकी परिचित आहेत की पुष्कळांच्या लेखी तो आजारच नव्हे. 'पित्त झाले' असे म्हणून चिमूटभर खाण्याचा सोडा, पेलाभर थंड दूध किंवा वाटीभर सोलकढी यांवर वेळ मारून नेली जाते. आयुर्वेदाच्या परंपरेत 'माधवनिदान' या ग्रंथाने आम्लपित्ताला स्वतंत्र प्रकरण दिले आहे, यावरून हे दुखणे किती जुने आहे याची कल्पना यावी. मात्र लोकव्यवहारात 'पित्त' किंवा 'ॲसिडिटी' या एकाच शब्दाखाली जठराचा व्रण, पित्ताशयातील खडे, केवळ अपचन आणि प्रसंगी हृदयविकारसुद्धा अशा कितीतरी भिन्न गोष्टी कोंबल्या जातात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय त्यांपैकी एकच आहे : जठरातील आम्ल वारंवार उलटे वर अन्ननलिकेत येणे, आणि त्यावर दुर्बिणीतून केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेचे दीर्घकाळानंतर दिसणारे फळ.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी एक इशारा देणे अवश्य आहे. छातीतील जळजळ श्रम केल्यावर वाढत असेल, चढ चढताना किंवा ओझे उचलताना येऊन थांबल्यावर ओसरत असेल, तिच्याबरोबर घाम सुटत असेल किंवा कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत उतरत असेल, तर ते पित्त समजून सोडा पिऊन झोपू नये. पहिली तपासणी हृदयाची व्हावी. मधुमेही व्यक्तींत व स्त्रियांत हृदयविकाराची लक्षणे बरेचदा अशीच फसवी असतात. उजाडेपर्यंत वाट पाहिल्याने गेलेले जीव थोडेथोडके नाहीत.

आता या विकाराची घडण पाहू. तोंडातून निघालेला घास सुमारे २५ सेंटीमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून खाली जठरात उतरतो. या दोहोंच्या सांध्यावर स्नायूंचे एक वलय असते. घास आला की ते सैल पडते आणि घास गेला की आवळते. त्याच जागी छाती आणि पोट यांना विभागणारा श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा अन्ननलिकेला बाहेरून चिमटा घेतो. आतले वलय आणि बाहेरचा चिमटा एका जागी असले म्हणजे फाटकाला जणू दुहेरी कडी लागते. वलय वेळीअवेळी सैल पडू लागले किंवा श्वासपटलाचे भोक रुंदावून जठराचा वरचा भाग छातीत सरकला, म्हणजे दोन्ही कड्या एकमेकींपासून फाकतात आणि आम्लाला वर येण्याची वाट मोकळी होते. जठराला आतून आम्ल सोसणारे अस्तर असते, अन्ननलिकेला तसे ते नसते. म्हणून तिला दाह होतो, कधी व्रण पडतात, कधी ती आकसून घास अडकू लागतो, आणि काही रुग्णांत तिचे अस्तरच बदलून आतड्याच्या अस्तरासारखे होते. या बदललेल्या अस्तराला नॉर्मन बॅरेट या शल्यविशारदाचे नाव मिळाले आहे. त्यातून पुढे कर्करोग होण्याचा संभव असतो. तो मोठा नसला तरी दुर्लक्ष करण्याजोगाही नाही.

बहुसंख्य रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज पडत नाही, हे प्रथमच स्पष्ट सांगितले पाहिजे. वजन वाढले असल्यास ते कमी करणे, निजण्यापूर्वी तीन तास जेवण आटोपणे, तंबाखू आणि मद्य सोडणे, पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली विटा घालून ती बाजू वीतभर उंच करणे, एवढ्याने पुष्कळांना उतार पडतो. नुसती उशीवर उशी रचून भागत नाही. त्याने मान वाकते, पोटावर दाब येतो आणि उपाय उलटा पडतो. याउपर औषधे आहेत. १९७६ साली ब्रिटनमध्ये सिमेटिडीन हे औषध आले आणि आम्लावर खऱ्या अर्थाने ताबा मिळू लागला. त्याचे जनक सर जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ओमेप्राझोल बाजारात आले, आणि आज खेड्यातील औषधाच्या दुकानातही मिळणाऱ्या पँटोप्राझोलसारख्या गोळ्या त्याच कुळातल्या. ही गोळी सकाळी रिकाम्या पोटी, खाण्यापूर्वी अर्धा तास घ्यावयाची असते. जठरातील आम्लाचे पंप जेवणाने चालू होतात आणि चालू पंपालाच ही गोळी बंद पाडू शकते. जेवणानंतर आठवण झाली म्हणून घेतलेली, किंवा आज घेतली उद्या नाही अशी घेतलेली गोळी निम्मेच काम करते. मग 'गोळीने गुण येत नाही' अशी तक्रार होते.

गोळी आम्ल कमी करते, ढिले फाटक मात्र ती घट्ट करीत नाही. गोळी घेणाऱ्याच्या घशाशी पाणी येतच राहते, फक्त ते जाळत नाही. ज्याला दिवसभर वाकून लावणी करावयाची आहे, किंवा पाच-सहा तास वर्गात बोलावयाचे आहे, त्याला हे वर येणारे पाणीच नकोसे होते. फाटकच दुरुस्त करता आले तर, हा विचार येथून सुरू होतो.

या शस्त्रक्रियेचा जन्म कसा झाला ही हकीकत सांगण्यासारखी आहे, कारण दीर्घकाळ वाट पाहण्याचे महत्त्व तिच्यातच आले आहे. रुडॉल्फ निसेन हे जर्मनीतील ज्यू शल्यविशारद. १९३३ साली नाझी राजवट आल्यावर त्यांनी देश सोडला आणि इस्तंबूल येथे काम पत्करले. तेथे १९३६ च्या सुमारास एका तरुण रुग्णाच्या अन्ननलिकेचा व्रणग्रस्त खालचा भाग त्यांनी काढून टाकला आणि उरलेली अन्ननलिका जठराला जोडली. जोड सुटू नये म्हणून त्यांनी जठराच्या वरच्या भागाची घडी त्याभोवती गुंडाळली. हेतू एवढाच की टाके सुरक्षित राहावेत. पुढे अनेक वर्षांनी त्यांना असे आढळले की, त्या रुग्णाला आम्ल वर येण्याचा त्रास मुळीच नाही. जोडाच्या संरक्षणासाठी घातलेली गुंडाळी झडपेचे काम करीत होती. अमेरिकेत काही वर्षे काढून निसेन स्वित्झर्लंडमधील बाझल येथे आले आणि १९५५ साली त्यांनी केवळ जळजळीच्या उपचारासाठी ही गुंडाळी योजून पाहिली. पुढल्याच वर्षी त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिला फंडोप्लिकेशन असे नाव आहे. १९६३ साली फ्रान्समधील आंद्रे तूपे यांनी तिचा सौम्य प्रकार सांगितला. त्यात जठर अन्ननलिकेभोवती पूर्ण न गुंडाळता मागच्या बाजूने अर्धवटच वेढतात.

त्याच काळात इंग्लंडात फिलिप ॲलिसन हे शल्यविशारद सरकलेले जठर खाली ओढून श्वासपटलाचे भोक शिवीत असत. १९५१ साली त्यांनी आपली पद्धत मांडली आणि ती सर्वत्र मान्य झाली. पुढे आपल्याच रुग्णांना त्यांनी वीस वर्षांनंतर शोधून काढले, तपासले आणि १९७३ साली प्रांजळपणे जाहीर केले की, दुरुस्ती मोठ्या संख्येने टिकलेली नाही. स्वतःच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी असा कबुलीजबाब देणारे लोक वैद्यकात विरळाच. पुढच्या सर्व पद्धतींना लावावयाचा मापदंड त्यांनी घालून दिला : रुग्ण घरी गेला त्या दिवशी कसा होता हे पुरेसे नाही, दहा-वीस वर्षांनी कसा आहे ते सांगा.

पोट उघडून होणारी ही शस्त्रक्रिया तशी कष्टाचीच होती. १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूए यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९७२ पासून दुर्बिणीचा वापर करणारे डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची भारतातील पहिली शस्त्रक्रिया केली. १९९१ साली बेल्जियममधील लिएज येथून बर्नार दालमान्य यांनी निसेन यांची गुंडाळी दुर्बिणीतून घालता येते हे दाखवून दिले. पोटावर अर्ध्या ते एक सेंटीमीटरची पाच छिद्रे, दोन-तीन दिवसांचा मुक्काम आणि काही आठवड्यांत काम, असे तिचे स्वरूप झाले.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे 'दुर्बीण घातली' असे दोन निरनिराळ्या गोष्टींना म्हणतात. तोंडावाटे नळी घालून अन्ननलिका आतून पाहणे ही तपासणी आहे आणि त्यात काही कापले जात नाही. पोटाला छिद्रे पाडून, भूल देऊन जठराची गुंडाळी घालणे ही पूर्ण शस्त्रक्रिया आहे. छिद्रे लहान असली तरी आतले काम पोट उघडून केले जाई तेवढेच, तसेच आणि त्याच अवयवांवर होते. जखम लहान म्हणजे निर्णयही लहान, अशी समजूत करून घेऊन कित्येक जण शस्त्रक्रियेला तयार होतात. ही समजूत चुकीची आहे.

आता मुख्य प्रश्न. कालांतराने काय होते?

युरोपातील ११ देशांत ५५४ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि निम्म्यांना एसोमेप्राझोलची गोळी, जरूर पडल्यास वाढत्या मात्रेने, असे वाटप चिठ्ठ्या टाकाव्यात तसे करण्यात आले. २०११ साली पाच वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विकार आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण गोळीच्या गटात शेकडा ९२ आणि शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा ८५ होते. वरवर पाहता गोळी सरस दिसते. तपशिलात शिरले की चित्र पालटते. आंबट पाणी घशाशी येण्याची तक्रार गोळी घेणाऱ्यांत शेकडा १३ जणांची, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत अवघ्या २ जणांची होती. उलट गिळताना घास अडकण्याची तक्रार गोळीच्या गटात शेकडा ५ आणि शस्त्रक्रियेच्या गटात ११ जणांची. पोट फुगण्याची तक्रार अनुक्रमे २८ आणि ४०. म्हणजे शस्त्रक्रिया एक त्रास नाहीसा करते आणि काहींच्या पदरी दुसरा, बहुधा सौम्य, त्रास घालते. ही चाचणी अनुभवी केंद्रांत, निवडक आणि गोळीने गुण येणाऱ्या रुग्णांवर झाली होती, हेही विसरता कामा नये.

ब्रिटनमधील २१ रुग्णालयांत झालेल्या दुसऱ्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०१३ साली आले. शस्त्रक्रियेच्या गटात शेकडा ४४ जण पाच वर्षांनी आम्लाचे औषध घेत होते. औषधाच्या गटात हे प्रमाण शेकडा ८२ होते. शस्त्रक्रियेच्या गटात नाव निघालेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ती करून घेतलीच नव्हती, हे या आकड्यांबरोबर सांगितले पाहिजे, नाही तर ४४ चा आकडा आहे त्याहून वाईट वाटेल. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे शेकडा ४ जणांना ती पुन्हा करावी लागली.

या दोन्ही चाचण्या मोठ्या केंद्रांतील. सर्वसामान्य रुग्णालयांत काय घडते हे पाहावयाचे तर स्वीडनचा दाखला उपयोगी पडतो, कारण तेथे प्रत्येक नागरिकाच्या उपचाराची सरकारी नोंद ठेवली जाते. २००५ ते २०१४ या काळात दुर्बिणीची शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ रुग्णांचा मागोवा घेण्यात आला आणि २०१७ साली तो प्रसिद्ध झाला. सरासरी पाच वर्षांत ४७० जणांना, म्हणजे शेकडा १७.७ जणांना, विकार उलटला. त्यांतील बहुतेक पुन्हा औषधावर गेले आणि ७७ जणांची दुसरी शस्त्रक्रिया झाली. उतारवय, स्त्री असणे आणि इतर आजार बरोबर असणे यांमुळे विकार उलटण्याचा संभव वाढलेला आढळला. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात मृत्यू येण्याचे प्रमाण हजारी एकाच्या घरात होते. जळजळ हा सहसा जिवावर बेतणारा आजार नव्हे. त्यामुळे हजारातला हा एकसुद्धा निर्णयाच्या वेळी समोर असावा.

पाच वर्षांच्या पलीकडचे काय? दालमान्य यांनी आपल्या सुरुवातीच्या १०० रुग्णांचा दहा वर्षांनंतरचा अहवाल २००६ साली दिला. पूर्ण गुंडाळी घातलेल्यांत शेकडा ९३ आणि अर्धवट गुंडाळी घातलेल्यांत शेकडा ८२ जण जळजळीच्या लक्षणीय त्रासापासून मुक्त होते. हा अहवाल त्या शस्त्रक्रियेत जगात अग्रेसर असलेल्या हातांचा आहे. ते यश जिल्ह्याच्या ठिकाणी तसेच्या तसे मिळेल असे गृहीत धरू नये. स्वीडनमध्ये ४५६ रुग्णांना पूर्ण आणि अर्धवट गुंडाळीत वाटून केलेल्या चाचणीचे पंधरा वर्षांपलीकडचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. इतक्या काळानंतर दोन्ही प्रकार जळजळीला जवळजवळ सारखेच आवर घालीत होते. गिळण्याच्या बाबतीत अर्धवट गुंडाळीला आरंभी असलेला फायदाही काळाच्या ओघात पुसला गेला होता.

याहून जुना एक आकडा रुग्णांना घाबरविण्यासाठी वारंवार सांगितला जातो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील चाचणीचा मागोवा २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी शेकडा ६२ जण दहा-बारा वर्षांनी पुन्हा नियमित गोळ्या घेत असल्याचे आढळले. आकडा खरा आहे. पण त्या शस्त्रक्रिया पोट उघडून केलेल्या होत्या, आणि गोळी घेणारा प्रत्येक जण आम्लासाठीच ती घेत असतो असेही नाही. गोळीवर परतलेल्या रुग्णांची आम्लाची चाचणी केली तर पुष्कळांची गुंडाळी शाबूत आणि आम्ल जागच्या जागी आढळते. पोट जड झाले, ढेकर आला नाही, की सवयीने गोळी घेतली जाते.

ढेकराचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. भरपेट जेवणानंतरचा ढेकर ही आपल्याकडे यजमानाला दिलेली पावती असते. पूर्ण गुंडाळीनंतर ती पावती कित्येकांना देता येत नाही. झडप आम्लाला अडवते तशी हवेलाही अडवते. सोडावॉटर प्यायलेली, किंवा घाईघाईत घासाबरोबर गिळलेली हवा वर येत नाही, पोट तट्ट फुगते आणि खालच्या वाटेने जाते. काहींना ओकारी काढणेही कठीण होते. बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात हे अंगवळणी पडते, पण ते आधी सांगितलेले नसले की रुग्णाला फसविले गेल्यासारखे वाटते.

गुंडाळी निकामी होण्याची कारणे बव्हंशी यांत्रिक आहेत. श्वासपटलाला घातलेले टाके फाकतात आणि गुंडाळीसकट जठर पुन्हा छातीत चढते. किंवा गुंडाळी खाली घसरते, सैल पडते, क्वचित फार घट्ट बसते. पहिल्या काही आठवड्यांतील जोराची ओकारी, सततचा खोकला आणि जड ओझे यांना शल्यविशारद भितात ते यामुळे. बिडी ओढून खोकणाऱ्या माणसाने आधी बिडी सोडावी आणि मग शस्त्रक्रियेचा विचार करावा. फारच स्थूल व्यक्तीत पोटातील दाबामुळे गुंडाळी टिकणे अवघड असते. अशांना वजन घटविणारी जठराला वळसा देण्याची शस्त्रक्रिया अधिक उपकारक ठरू शकते. वजन घटविण्याचीच दुसरी एक पद्धत आहे, जठर कापून नळीसारखे अरुंद करण्याची, आणि तिने जळजळ वाढू शकते. शहरातील जाहिरात वाचून निघालेल्यांनी हा फरक विचारून घ्यावा.

परंतु दीर्घकाळच्या यशापयशाचे सर्वांत मोठे कारण टाक्यांत नसते. ते रुग्णाच्या निवडीत असते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतच झालेल्या आणखी एका अभ्यासाने हे उघड केले. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. गोळीने जळजळ थांबत नाही अशी तक्रार असलेले ३६६ रुग्ण तेथे आले. त्यांना प्रथम दोन आठवडे ओमेप्राझोल दिवसातून दोनदा, खाण्यापूर्वी, काटेकोरपणे घ्यावयास लावले. ४२ जणांची जळजळ एवढ्यानेच थांबली. बाकीच्यांच्या सर्व तपासण्या केल्या तेव्हा २३ जणांना अन्ननलिकेचा वेगळाच आजार निघाला, आणि ९९ जणांच्या अन्ननलिकेत आम्लाचा काही संबंधच आढळला नाही. जळजळ त्यांना खरीच होत होती, मात्र ती मज्जातंतूंच्या अतिसंवेदनेची होती. गळत गळत शेवटी ७८ जण उरले, ज्यांचा विकार खरोखर आम्लाचा आणि गोळीला न जुमानणारा होता. त्यांच्यात शस्त्रक्रियेचे यश शेकडा ६७ आले. अधिक औषधे दिलेल्या गटात यश शेकडा २८ आणि केवळ ओमेप्राझोल व दिखाऊ गोळी दिलेल्या गटात शेकडा १२ होते.

या अभ्यासाचे दोन्ही अर्थ घेतले पाहिजेत. योग्य रुग्णाला शस्त्रक्रिया उत्तम गुण देते. आणि 'गोळीने थांबत नाही' म्हणून आलेल्या शंभरांपैकी जेमतेम एकवीस जण योग्य ठरतात. तपासण्या न करता सरसकट सर्वांची गुंडाळी घातली असती तर उरलेल्यांपैकी बहुतेकांची जळजळ जशीच्या तशी राहून वर घास अडकणे आणि पोट फुगणे त्यांच्या वाट्याला आले असते.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका आतून पाहणे, ही पहिली. नाकावाटे बारीक नळी ठेवून २४ तास आम्लाचे प्रमाण मोजणे, ही दुसरी. दुर्बिणीत तीव्र व्रण स्पष्ट दिसले तर ती कधी वगळता येते. तिसरी म्हणजे अन्ननलिकेच्या स्नायूंचा दाब मोजणे. ती खर्चाची आणि त्रासाची म्हणून टाळली जाते, आणि तेच घातक ठरते. अकॅलेशिया नावाच्या आजारात खालचे वलय मुळी उघडतच नाही. वर अडलेले अन्न आंबते, घशाशी येते आणि जळजळीचा भास होतो. अशा माणसाची वाट गुंडाळी घालून आणखी आवळली तर त्याला पाणी गिळणेही मुश्कील होईल. ही दाबाची चाचणी प्रत्येक तालुक्यात होत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठण्यासाठी एक दिवस आणि प्रवासाचे भाडे खर्ची पडते. ते खर्च करावेत.

गुंडाळीला सोपा पर्याय काढण्याचे प्रयत्न पुष्कळ झाले आणि त्यांचा इतिहास सावध करणारा आहे. १९७९ साली अँजेलचिक यांनी सिलिकोनचे एक कडे अन्ननलिकेभोवती बांधण्याची युक्ती सांगितली. ती इतकी सोपी होती की हजारो रुग्णांना कडी बसली. काही वर्षांत ती जागा सोडून सरकू लागली, अन्ननलिका कुरतडू लागली, काढून टाकावी लागली आणि पद्धत मागे पडली. एन्टेरिक्स नावाचा द्रव तोंडावाटे सुईने वलयात टोचण्यास अमेरिकेत २००३ साली परवानगी मिळाली. सुई चुकीच्या जागी गेल्याने गंभीर अपघात घडले, मृत्यूही झाले, आणि २००५ साली तो माघारी घ्यावा लागला. २०१२ साली तेथेच लोहचुंबकाच्या मण्यांच्या कड्याला मान्यता मिळाली. मणी एकमेकांना चिकटून वाट बंद ठेवतात आणि घासाच्या दाबाने फाकतात. पहिल्या १०० रुग्णांपैकी पाच वर्षे मागावर राहिलेल्या ८५ जणांत रोजची गोळी लागणारे शेकडा १५ उरले होते. निष्कर्ष आशादायक आहेत. पण कडे शरीरात जन्मभर राहावयाचे आहे आणि त्याचे वय अजून थोडे आहे.

गोळ्यांच्या भीतीने शस्त्रक्रियेकडे वळणारे लोक बरेच आहेत. जन्मभर गोळ्या घेतल्या तर मूत्रपिंडे जातील, हाडे ठिसूळ होतील, स्मृती जाईल, असे ऐकिवात येते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत १७,५९८ जणांना पँटोप्राझोल किंवा दिखाऊ गोळी तीन वर्षे दिली गेली. आतड्याचे संसर्ग किंचित वाढले, दुसरा अपाय वाढलेला आढळला नाही. तीन वर्षे म्हणजे तीस नव्हेत, तरीही केवळ या भीतीपोटी पोटाला छिद्रे पाडून घेण्यास आधार नाही. तसेच कर्करोग टळेल म्हणून शस्त्रक्रिया करावी, हाही युक्तिवाद टिकत नाही. उत्तर युरोपातील देशांच्या सरकारी नोंदींवरून २०१८ साली असे दिसून आले की, अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका औषधे घेणाऱ्यांत आणि शस्त्रक्रिया झालेल्यांत सारखाच राहतो. ज्याचे अस्तर बदलले आहे त्याने शस्त्रक्रियेनंतरही ठरल्या वेळी दुर्बिणीची तपासणी चालू ठेवावयाची असते.

मग शस्त्रक्रिया करावी कोणी? ज्याची जळजळ आम्लाचीच आहे हे चाचणीने सिद्ध झाले आहे, गोळीने जळजळ थांबते पण पाणी वर येणे थांबत नाही, किंवा गोळी सोसत नाही, किंवा मोठे भोक पडून जठर छातीत गेले आहे, आणि ज्याच्या पुढे कामाची बरीच वर्षे आहेत, त्याने. त्यानेही शल्यविशारदाला विचारावे की, वर्षाकाठी अशा किती शस्त्रक्रिया आपल्या हातून होतात आणि पाच वर्षांपूर्वीचे रुग्ण आज कसे आहेत. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. ज्याच्याजवळ उत्तर आहे तो डॉक्टर रागावत नाही.

शस्त्रक्रियेनंतर पहिले काही दिवस पेज, ताक, पातळ वरण, त्यानंतर मऊ भात आणि खिचडी, असा क्रम सुमारे महिनाभर ठेवतात. सूज उतरेपर्यंत घास अडकणे हे स्वाभाविक असते. भाकरी आणि मांस सर्वांत शेवटी, तेही बारीक चावून. सोडावॉटर नको. दीड-दोन महिने ओझे उचलू नये. शेतीच्या हंगामाचा विचार करूनच शस्त्रक्रियेची तारीख घेतलेली बरी, कारण पेरणीच्या दिवसांत पोते न उचलण्याचे वचन कोणाच्याने पाळले जात नाही.

रुग्णालयातून मिळालेला शस्त्रक्रियेचा कागद, गुंडाळी पूर्ण आहे की अर्धवट याच्या नोंदीसह, शिधापत्रिकेबरोबर पेटीत जपून ठेवावा. दहा-पंधरा वर्षांनी जळजळ पुन्हा सुरू झाली तर बहुधा डॉक्टर निराळा असेल, गावही कदाचित निराळे असेल, आणि आत काय केलेले आहे हे त्याला त्या कागदावरूनच कळेल. कागद नसला तर त्याला प्रथम चित्रे काढून, दुर्बीण घालून तेच शोधत बसावे लागते.